तापीपलीकडचा शिंजीर

१७ जानेवारी १९९७

ही डायरी रंगाच्या एजंटाने दिली. दर वर्षी देतो आणि दर वर्षी माझी बायको मंदा तिच्यात देवाचे फोटो न् लग्नपत्रिका खोचून ठेवते. यंदा मी आधीच मागून घेतली, कारण आज लिहून ठेवावं असं काहीतरी सापडलं आहे. असं म्हणायची वेळ सुरतेत आल्यापासून आली नव्हती.

उतराण, म्हणजे इथली संक्रांत, झाली तरी पतंगांचे दोरे अजून झाडांवर लोंबताहेत. आमच्या डाइंग हाउसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या मागे, खाडीच्या काठी एरंडाचं रान माजलंय. जेवणाच्या सुट्टीत तिथे गेलो, तर शिंजिराची एक मादी दोऱ्यात पंख अडकून उलटी लटकलेली. सोडवायला मुठीत घेतली. आता शिंजिराची मादी म्हणजे वरून मळकट तपकिरी, खालून फिकट पिवळी. जांभळं, चमचमतं सगळं नराच्या वाट्याला. कॉलेजात असताना मी त्यांच्यामागे धुळ्याचे सगळे बाग पालथे घातले होते. पण हिचं पोट गुलाबी होतं. गळ्याखालून शेपटीपर्यंत, चांगलं गडद, सुरतेत ज्याला राणी म्हणतात तसं. उन्हात धरून पुन्हा पाहिलं. मग ती बोटाला चोच मारून उडाली आणि भोंगा झाला तरी मी तिथेच उभा.

रंगाच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही. पार्टी आली की आमचे डाइंग मास्टर भूपेंद्रभाई मला बोलावतात, कापडाची पट्टी पुढे टाकतात आणि मी शेड सांगतो, कुठला रंग किती घालायचा त्यासकट. शेड मॅचर हिलाल बोरसे, एम.एस्सी. प्राणिशास्त्र. पदवीनंतर गावाकडे नोकरी मिळेना, तेव्हा आतेभावाने कळवलं की इच्छापोरला लॅबमध्ये माणूस हवाय. लॅब एवढंच वाचून मी निघालो. आल्यावर कळलं की लॅबमध्ये चंचुपात्रं आहेत, वजनकाटा आहे, फक्त प्राणी नाहीत.

२६ जानेवारी

सुट्टी. सकाळपासून मंदाला घेऊन डिंडोलीच्या शेतांत हिंडलो. लग्नानंतर आम्ही फिरायला असे पहिल्यांदाच गेलो असू, आणि ते शिंजिराच्या माद्या बघायला. रुईवर दोन, शेवग्यावर एक. तिन्ही पिवळ्या, पुस्तकात असतात तशा. मंदा म्हणाली, हिच्यात बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, काही नाही, तेच तर बघायचं होतं.

इच्छापोरला मात्र आणखी दोन राणी पोटाच्या माद्या सापडल्या आहेत. डिंडोली तापीच्या अलीकडे, इच्छापोर पलीकडे. रोज शटल रिक्षाने पूल ओलांडतो, पण आजवर हे डोक्यात आलं नव्हतं. नदीने एका जातीचे दोन भाग पाडायचे आणि दोन्ही तीरांवर वेगवेगळे रंग यायचे, हे शास्त्राला धरून आहे. शिंजीर छोटा पक्षी, पाण्यावरून लांब उडत नाही.

नर मात्र दोन्हीकडे सारखाच. काळाजांभळा. गंमत आहे.

३० जानेवारी

शंका लिहून ठेवली पाहिजे. पक्ष्याला रंग लागला असेल का? आमच्या मागेच खाडी, आणि खाडीत आमचंच पाणी. मी दिवसभर याचा विचार केला. पण लागलेला रंग डागाडागांनी लागतो. हा एकसारखा आहे, एका पट्टीचा. आणि एकसारखा रंग चढवणं किती अवघड असतं ते मला विचारा. तापमान सांभाळा, आम्ल सांभाळा, पाण्याचा फेरा सांभाळा, तरी आठवड्याला दोन लॉट डागी निघतात आणि भूपेंद्रभाई माझ्या सात पिढ्यांची आठवण काढतात. जे आम्हाला मशीनवर जमत नाही ते खाडीला कसं जमेल? शंका मिटली.

५ फेब्रुवारी

वडोदऱ्याच्या एका संशोधन संस्थेत डॉ. सुवर्णा दिघे म्हणून आहेत, शिंजीर कुळावर काम करतात. जुन्या अंकांच्या दुकानात त्यांचा एक लेख मिळाला होता, त्यावर पत्ता होता. त्यांना चार पानी पत्र टाकलं. शेवटी शिक्षण लिहिलं. नोकरी लिहिताना 'प्रयोगशाळेत' एवढंच लिहिलं, ते खोटं नाही.

संध्याकाळी मंदाला सगळं समजावून सांगितलं. कुळ, कुळात प्रजाती, प्रजातीत जाती, जातीत उपजाती. तिला चटकन कळलं. खान्देशातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, लग्न जमवताना तो दुसरं काय करतो? मग मी तिला ताजी गोष्ट सांगितली. शिंजिरासारखाच फुलटोच्या नावाचा एक इवला पक्षी असतो, बांडगुळाची फळं खातो. त्याचं कुळ आजवर वेगळं होतं. आता अमेरिकेतल्या लोकांनी दोघांचे डीएनए ताडून पाहिले आणि फुलटोच्यांना शिंजिरांच्या कुळात घालून टाकलं.

"मंग आते त्यासनी सोयरीक कशी व्हई?" मंदाने विचारलं. एका कुळात लग्नं होत नाहीत, त्याची तिला काळजी.

खूप हसलो. कितीतरी दिवसांनी.

१९ फेब्रुवारी

मॅडमचं उत्तर आलं. मराठीतच, टपोऱ्या अक्षरात. त्या लिहितात की वर्णन बरोबर असेल तर गोष्ट महत्त्वाची आहे, मादीच्या रंगावरून वेगळी पडणारी उपजाती या भागातून कुणी नोंदवलेली नाही. पण नुसत्या वर्णनावर काही ठरत नाही, पक्षी डोळ्यांनी बघावा लागेल. एप्रिलअखेर त्या सुरतेला येणार आहेत. आणि खाली, जाता जाता लिहावं तसं: गुजरातच्या पक्ष्यांवर तीन वर्षांचं एक काम जूनपासून सुरू होतंय, त्यात साहाय्यकाची एक जागा आहे, पीएच.डी.ची नोंदणीही करता येते, तेव्हा बोलू.

मी पत्र खिशात घालून तीन शेड चुकीच्या दिल्या. भूपेंद्रभाई बघतच राहिले.

देवा, मी पस्तिशी ओलांडली आहे. मला ही जागा हवी आहे. कुठलीही दुसरी गोष्ट मी एवढी मागितलेली नाही.

२३ फेब्रुवारी

उपजातीला नाव लागतं. नेक्टारिनिया एशियाटिका हे जातीचं झालं, पुढे तिसरं नाव शोधणाऱ्याने द्यायचं. बाईच्या नावावरून दिलं तर शेवटी 'ए' लागतो. मंदाला म्हटलं, तुझं लावू, मंदाए. ती आधी लाजली, मग जाऊन शेजारच्या उषाबाईंना सांगून आली. रात्रीपर्यंत अख्ख्या चाळीला कळलं. नळावर आता तिला कुणी मंदा म्हणत नाही, मंदाए म्हणतात. चिडवतात, पण हिला ते आवडलंय. जेवण वाढताना म्हणाली, "मन्हा नावनं पाखरू. मन्हा बापले सांगसू."

२ मार्च

लग्नसराईची ऑर्डर. नायलॉनच्या साड्या, सगळ्या राणी. जानेवारीपासून तेच चाललंय, अजून महिनाभर पुरेल. रंगवायच्या दोन्ही जेट मशिनी रात्रंदिवस.

जेवणाच्या सुट्टीत एक तास निरीक्षण. मशीनच्या निचऱ्याचा पाइप भिंतीबाहेर फुटलाय, त्याची चिळकांडी एरंडाच्या पानांवर उडते. पानांवर साचलेल्या कोमट पाण्यात माद्या अंघोळ करतात. पानावर पोट घासत लोळतात आणि पिसं फुगवून उन्हात बसतात. दिवसातून कितीदा तरी. नरही येतात, पण कमी. अंघोळीची एवढी आवड डिंडोलीच्या पक्ष्यांत दिसली नाही. सवयीतही फरक आहे, ही उपजातीच्या बाजूने भक्कम गोष्ट. मॅडमना कळवायचं.

११ मार्च

घरटं सापडलं. बॉयलरच्या मागे जुनी वायर लोंबतेय, तिच्यावर. मादी एकटीच बांधते, नर नुसता आसपास गाणी म्हणत हिंडतो. लांबट थैली, बाजूला दार, दारावर छोटं छप्पर. कोळ्याची जाळी, सालपटं, आणि त्यात आमच्या कापडाचे दोरे, राणी आणि पांढरे. बॉयलरवरचा उखा आमच्याच अमळनेरकडचा. त्याला सांगितलं, वायरीला हात लावू नकोस. त्याने जाण्यायेण्याची वाट बंद करून तिथे पिंप आडवं टाकलं. म्हणाला, बाळंतीण आहे, एवढं तर करायलाच पाहिजे.

२५ मार्च

काल धुळवड. मी खेळलो नाही, पण उषाबाईंनी सोडलं नाही. गुलाल अंघोळीला निघून गेला. माझी नखं मात्र बारा महिने रंगलेली, सध्या राणी. साबण, लिंबू, रॉकेल, काही चालत नाही. मंदा म्हणते, वडोदऱ्याला जायच्या आधी हात माणसासारखे करून घ्या.

तिने खोलीच्या मालकाला सांगूनही टाकलंय की आम्ही जूनमध्ये सोडतोय. उषाबाईंना त्यांच्या भावासाठी ती खोली हवी आहे. मी रागावलो नाही. मीही आज भूपेंद्रभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "हिलालभाई, पंखी जोवा वडोदरा जशो?" पाखरं बघायला वडोदऱ्याला जाणार, याचं त्यांना हसू आलं. मग गंभीर झाले आणि म्हणाले, तर मग अक्षयला हाताखाली देतो, त्याला शेड शिकवून जा. अक्षय म्हणजे त्यांच्या ओळखीतला, केमिस्ट्रीचा पदवीधर. पोरगा हुशार आहे, लवकर शिकेल.

६ एप्रिल

राणीची ऑर्डर संपली, आता बॉटल ग्रीन. आठवडाभर पक्ष्यांकडे जाता आलं नाही, आज गेलो. घरट्यात दोन पिल्लं. नर-मादी दोघंही किडे आणतात. हिचं पोट अजून राणीच.

पाइपापाशी एक निराळी मादी दिसली. पोट राणीही नाही, पिवळंही नाही, गडद हिरवट झाक. बराच वेळ पाहिलं. गेल्या हंगामातली तरुण मादी असावी, गुलाबी रंग वयाप्रमाणे येत असेल. हे कुठल्याच पुस्तकात नाही. पानं भरताहेत.

१३ एप्रिल

आज पक्षी घेतला.

मॅडम डोळ्यांनी बघायचा म्हणतात. फोटो काढायला माझ्याकडे कॅमेरा नाही, उधार आणलेल्याने ठिपका आला. जिवंत पकडून पंधरा दिवस ठेवता येत नाही, शिंजीर पिंजऱ्यात मरतो. आणि नमुना नसेल तर उपजाती नाही. नाव द्यायचं तर एक पक्षी कुठेतरी कपाटात, चिठ्ठी लावून, कायमचा ठेवावा लागतो. शास्त्र तसंच चालतं. हे सगळं मी स्वतःला आठ दिवस सांगत होतो.

आता परवाना लागतो हेही मला माहीत आहे. मॅडमना सांगेन की दोऱ्यात अडकून मेलेली मिळाली.

नेटच्या साडीचा नापास तुकडा घरट्यासमोर बांधला. आली ती घरट्यातलीच, दुसरी कुठली येणार? चोचीत अळी होती. छातीवर दोन बोटांनी दाबून धरायचं, कॉलेजात शिकवलं होतं. वजन नसल्यासारखंच असतं, तरी वेळ लागतो. अळी शेवटपर्यंत सोडली नाही. उखा बॉयलरच्या खोलीत होता ते बरं झालं.

लॅबमध्ये कातडं सोडवलं, कापूस भरला, फिटकरी लावली. हात विसरलेले नाहीत. पिसं स्पिरिटने पुसली तेव्हा बोळा गुलाबी झाला. बोळा उजेडात धरून पाहिला. मग आठवलं, पक्ष्यांतली पिवळी-लाल द्रव्यं स्पिरिटमध्ये विरघळतातच, एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात केलं होतं. उलट हा पुरावाच झाला. पण जास्त पुसलं नाही.

१६ एप्रिल

नर दोन दिवस खाऊ घालत होता. आज दिसला नाही. एक पिल्लू दारातून खाली पडलं होतं, मुंग्या लागल्या होत्या. दुसरं आत, तेही मेलेलं. उखाने विचारलं, आई कुठे गेली? मी म्हटलं, मांजराने नेली असेल. त्याने पिंप उचलून जागेवर ठेवलं.

आज जेवण गेलं नाही. मंदाला सांगितलं, ऊन लागलं.

२७ एप्रिल

लिहायचं नव्हतं. पण सुरुवात केली आहे तर हेही लिहिलं पाहिजे.

मॅडम अडाजणला नातलगांकडे उतरल्या आहेत. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नमुना सिगारेटच्या पाकिटांच्या मोठ्या खोक्यात, कापसावर. मंदाने खोक्याला हळदीकुंकू लावलं होतं, ते बोटाने पुसून टाकलं.

मॅडम पन्नाशीच्या असतील, बारीक, बोलायला फार चांगल्या. चहा दिला, धुळ्याच्या माझ्या कॉलेजातल्या सरांची चौकशी केली. मग पक्षी हातात घेऊन खिडकीशी गेल्या आणि भिंग लावून बघत बसल्या.  पिसं फुंकून मुळाशी पाहिलं. मला वाटलं, खुश आहेत.

"बोरसे, तुम्ही प्रयोगशाळेत म्हणजे कुठे?"

सांगावं लागलं. त्या माझ्या नखांकडे बघत होत्या.

आतून त्यांनी गरम पाणी मागवलं आणि थोडा धुण्याचा सोडा. पोटावरचं एक पीस उपटून बशीत टाकलं. मला पुढचं माहीत होतं. चढलेला रंग उतरवायला मी हेच रोज करतो. आमची राणी आम्लरंगाची, तो लोकरीवर चढतो, रेशमावर चढतो, नायलॉनवर चढतो, आणि पीस म्हणजे लोकरीच्याच जातीचं. कोमट पाण्यात, दिवसातून दहा वेळा, महिनाभर पोट घासलं तर एकसारखा का नाही चढणार? हे सगळं मला जानेवारीतच माहीत होतं. माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बशीतलं पाणी राणी झालं आणि पीस फिकट पिवळं.

"वाईट वाटून घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. "साधी जांभळ्या शिंजिराची मादी आहे. खालची पिसं मुळाशी पिवळीच होती."

मी जागेबद्दल विचारलं. विचारायला नको होतं. त्या म्हणाल्या की त्या जागेसाठी आता दुसऱ्या कुणाचा विचार करावा लागेल, समितीला काहीतरी दाखवावं लागतं. निघताना दारात थांबवून पुन्हा म्हणाल्या, "पण हे लिहा तुम्ही. कारखान्यांचं पाणी पाखरांच्या अंगावर चढतंय, हे कुणी नोंदवलेलं नाही. आमच्या पत्रिकेत तुमच्या नावाने छापते. नुसतं रंग लागला म्हणून चालणार नाही हं, रंग कुठला आणि कुठून आला ते लागेल. ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

मेलेली कशी मिळाली ते त्यांनी विचारलं नाही. एक पीस मोडलेलं नाही, पंख फाटलेला नाही, दोऱ्याचा काच कुठेच नाही. त्यांना कळलं असणार.

खोका त्यांच्याकडेच ठेवला. पुलावरून येताना नदीकडे बघितलं. एखाद्या चिमणीनेसुद्धा सहज पार करावी एवढीच रुंद आहे.

१ मे

मंदाला अजून सांगितलं नाही. ती भांडी बांधायला सुतळी मागतेय.

४ मे

सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, ऐकत राहिली. मी सगळं सांगितलं, पाइप, सोडा, बशी, जागा गेली तेही. आणि कसा घेतला तेही, कारण आजवर मी तिला मेलेला मिळाला असंच सांगितलं होतं. घरट्यातली पिल्लंही सांगितली. मला वाटलं जागेवरून रडेल, लोकांत हसं होणार म्हणून रडेल.

"म्हंजे ते पाखरू साधंच व्हतं?"

हो म्हटलं.

"मंग त्याले मारं कसाले?"

मी म्हटलं, तेव्हा साधं आहे हे माहीत नव्हतं.  साधं नसतं तर मारलेलं चाललं असतं का, असं तिने विचारलं नाही, पण मी तेच ऐकलं. मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

मला लाज वाटते. जागेची नाही.

८ मे

मंदा आखाजीला माहेरी गेली. दर वर्षी जाते, दोन-चार दिवसांसाठी. या खेपेला मोठी पिशवी नेली. नळावर उषाबाईंनी मंदाए म्हणून हाक मारली तर तिने मागे वळून पाहिलं नाही.

१९ मे

भूपेंद्रभाईंपुढे उभा राहिलो. अक्षय माझ्या खुर्चीवर बसून शेड जुळवत होता, बऱ्यापैकी जुळवत होता. मी म्हटलं, वडोदऱ्याचं रद्द झालं, मला ठेवा. त्यांनी आधी अक्षयने जुळवलेली पट्टी तपासली. मग म्हणाले की राहा, पण आता लॅब अक्षयच्या नावावर आहे, तुम्ही त्याच्या हाताखाली. पगार तोच राहील की नाही ते शेठ ठरवतील. शिवाय एक गोष्ट बजावली: प्रदूषणवाले हल्ली इकडे फिरताहेत, कुणी काही विचारलं तर आपण नुसते शेड मॅचर, पाण्याचं आपल्याला काही माहीत नाही.

खोलीवाल्यालाही भेटलो. उषाबाईंच्या भावाने आगाऊ दिलंय, पण तो दिवाळीनंतर येणार, तोवर राहा म्हणाला.

२८ मे

मंदा आली नाही. तिच्या भावाचा निरोप, तब्येत बरी नाही, पावसाळा झाल्यावर पाठवू. काय झालंय ते निरोपात नाही. मी भात करून खातो.

फुटका पाइप तसाच आहे. अक्षयला म्हटलं, दुरुस्त करून घे. तो म्हणाला, पाणी बाहेरच पडतंय ना, आत थोडंच येतंय?

७ जून

पुढच्या हंगामाची आगाऊ ऑर्डर. पुन्हा राणी. अक्षयला ती शेड जमेना, तेव्हा मला बोलावलं. पहिल्याच फेरीत जुळली. भूपेंद्रभाईंनी पार्टीसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. कितीतरी दिवसांनी.

मॅडमचं पोस्टकार्ड आलं आहे. टिपण अजून पोचलं नाही, अंक महिनाअखेर छापायला जातोय. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील, बाकीचं त्या बघतील. रंग कुठला आणि कुठल्या कारखान्याचा, एवढं मात्र हवंच. खाली लिहिलंय, तुम्ही निरीक्षण चांगलं करता, सोडू नका.

 नायलॉनची राणी करणारं डाइंग हाउस इच्छापोरला आमचं एकच. उत्तर लॅबमध्येच लिहिलं, जेवणाच्या सुट्टीत. पक्षी मिळाला त्या भागात पुष्कळ कारखाने आहेत, पाणी कुणाचं ते सांगता येत नाही. आणि रंग कुठला होता, ते मला ओळखता आलं नाही.